आबांचा 'ब्लॉक', विहिरीची मोटार आणि हार्टच्या डॉक्टरांची कामं

कृष्णाकाठ

मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आबा (माझे वडील, वय ७६) तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडले. पहिल्यांदा गोठ्यात, दुसऱ्यांदा देवघरासमोर. दोन्ही वेळा आईने लिंबू-साखरेचं पाणी दिलं आणि 'पित्त झालं असेल', 'उपवास झेपत नाहीत आता' असं म्हणून विषय मिटला. तिसऱ्यांदा मात्र कराड स्टँडवर पडले आणि कपाळाला चार टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सहज मनगट धरलं ते धरूनच ठेवलं. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजलं. अडतीस.

ईसीजी काढला आणि म्हणाले, आजच्या आज हार्टच्या डॉक्टरांकडे जा. आम्ही गाडीत बसेपर्यंत चुलतभावाने तीन ठिकाणी फोन करून अँजिओप्लास्टीचा भाव काढला होता. मी मनातल्या मनात एफडी मोडली होती.

हार्टच्या डॉक्टरांनी कागद बघितला. "ब्लॉक आहे. कम्प्लीट ब्लॉक." आईने तिथेच डोळ्याला पदर लावला. भावाने विचारलं, "किती टक्के?"

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी आबांनाच विचारलं, "विहिरीवर मोटार आहे का?" आहे, साडेसातची. "पाइप चोंदला तर पाणी कमी येतं, बरोबर? पण सध्या मला तुमच्या पाइपची, म्हणजे हृदयाच्या रक्तनळ्यांची, काळजी नाही. स्टार्टरपासून मोटारीकडे जी वायर जाते ती मधेच तुटलीय. वरच्या कप्प्यांतून निघालेला इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही. खालचे कप्पे आपल्या मनाने, जमेल तसे ठोके देतायत."

आबा म्हणाले, "म्हंजे मी स्टार्टरबिगर, डायरेक्टवर चाललोय."

"हां. आणि डायरेक्टवर किती दिवस चालवणार?"

मग आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी मागवली, कारण बीपीच्या काही गोळ्यांनीच ठोके मंदावतात म्हणे. तसली गोळी नव्हती. रक्तात पोटॅशियम, थायरॉईड बघितलं. रात्री जांघेतून तात्पुरती वायर घातली आणि दुसऱ्या दिवशी डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, तेवढीच जागा बधिर करून, पेसमेकर. तासाभराचं काम. आबा आत डॉक्टरांशी उसाच्या दराबद्दल बोलत होते. सरकारी आरोग्य योजनेच्या यादीत पेसमेकर असल्यामुळे आरोग्यमित्राने रेशनकार्ड वगैरे मागून घेतलं आणि एफडी वाचली.

धागा काढायचं कारण असं, की माझ्या डोक्यात हार्टचा डॉक्टर म्हणजे अटॅक, अँजिओग्राफी, स्टेंट, बिल. तीन दिवस वॉर्डात बसून जे पाहिलं त्यात स्टेंटवाले थोडेच होते. एक बाई बाळंतपणाआधीच्या सल्ल्याला आलेल्या, एक आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फिटनेस घ्यायला, एक मुलगा नुसत्या धडधडीचा. या लोकांचं नेमकं काम काय काय असतं? ज्यांचा संबंध आलाय त्यांनी लिहा.

पारिजात_७

वाचतेय. 'किती टक्के' वाचून हसले आणि मग वाईट वाटलं. आमच्याकडेही सेम झालं होतं. ब्लॉक आणि ब्लॉकेज या दोन शब्दांनी महाराष्ट्रातल्या किती घरांची रात्रीची झोप उडवली असेल.

खवचट_काका

तुमचं नशीब की फक्त पेसमेकरवर भागलं. दवाखान्याच्या पायरीवर चढलेला माणूस स्टेंटशिवाय उतरत नाही हल्ली. पाइप, मोटार वगैरे सगळं समजावून सांगण्याचं कसब. भाव शेवटी पाइपचाच.

जुनी_सिस्टर

काका, तुमच्या प्रतिसादाला उत्तर देणारे देतील, मी माझं सांगते. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी हार्टच्या वॉर्डात. मी लागले तेव्हा आमच्या वॉर्डात म्हातारे कमी आणि पोरी जास्त होत्या. कोकणातून, मराठवाड्यातून आलेल्या, विशीतल्या. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, कोणी लक्ष दिलं नाही. त्या घशाच्या जंतूंविरुद्ध शरीर जे लढतं, ते लढता लढता स्वतःच्याच झडपा खराब करून घेतं. आधी कळत नाही. लग्न होतं, दिवस जातात, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि आकसलेल्या झडपेतून ते पुढे जाईना की पोरगी रात्री उठून बसते, दम कोंडतो, खोकल्यातून गुलाबी फेस. कित्येकींचा आजार पहिल्यांदा सातव्या महिन्यात कळायचा.

आमचे सर त्यांची झडप जांघेतून फुगा नेऊन उघडायचे. छाती न फाडता. फुगा फुगवायचा तो काही सेकंदच, पण त्या सेकंदांत सगळी कॅथलॅब (नळी घालून हे काम करतात ती खोली) गप्प. आणि बाहेर आल्यावर ती पोरगी आडवी झोपायची. सपाट, एका उशीवर. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. ते बघायला मी ड्यूटी संपल्यावरही थांबायचे.

पण खरं काम पुढचं. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, घसा परत बिघडून झडप आणखी खराब होऊ नये म्हणून. ते चुकलं की सर मला ओरडायचे. मी चिठ्ठ्या लिहायचे गावच्या आरोग्य केंद्राला. हेही हार्टच्या डॉक्टरचंच काम हो, याचं बिल होत नाही एवढंच.

अवांतर पण महत्त्वाचं, कृष्णाकाठ, राग मानू नका. पेसमेकर असलेला माणूस गेला तर दहनाआधी तो काढून घ्यावा लागतो. बॅटरी आगीत फुटते. लोक ऐन वेळी विसरतात म्हणून सांगितलं.

कृष्णाकाठ

सिस्टर, राग कसला. फक्त शेवटचा परिच्छेद आबांना वाचून दाखवला नाही.

फूटव्हॉल्व्ह

नवा आयडी याच धाग्यासाठी घेतला, मोटारीवरून सुचला. मी सिस्टरांनी सांगितलेल्या पोरींपैकीच. फुग्याने बारा वर्षं निभावली, मग झडप बदलावी लागली. माझी धातूची आहे, आपल्याकडची, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली चित्रा व्हॉल्व्ह. तसली पहिली झडप १९९० साली एका रुग्णाला बसवली गेली होती. रात्री घर शांत झालं की टिकटिक ऐकू येते. नवऱ्याला सुरुवातीला वाटायचं मी घड्याळ उशाखाली घेऊन झोपते. आता आवाज आला नाही तर त्यालाच झोप लागत नाही.

बदलली सर्जननी, एकदाच. पण गेली सतरा वर्षं मला सांभाळतात ते हार्टचे डॉक्टर, आणि त्यांनी या काळात मला एक सुईसुद्धा टोचलेली नाही. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. पातळ किती, हे आयएनआर नावाच्या तपासणीवर ठरतं. माझा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. कोणी सांगतं पालेभाज्या बंद करा. डॉक्टर म्हणाले, बंद करू नका, पण एक आठवडा मेथी-पालकाची जत्रा आणि पुढचा आठवडा नुसती बटाट्याची भाजी असं नको. खा, पण रोज साधारण तेवढंच. दुखलं म्हणून दुकानातून गोळी आणायची नाही. दाढ काढायची तर आधी त्यांना फोन, अँटिबायोटिक घेऊनच खुर्चीत बसायचं, कारण दातातले जंतू झडपेवर जाऊन घर करतात.

आणि बाळ. ही गोळी पहिल्या महिन्यांत गर्भाला घातक ठरू शकते. न घेतली तर झडप धोक्यात. लग्नानंतर पहिल्याच भेटीत त्यांनी नवऱ्याला बोलावून घेतलं होतं: "चान्स घेण्याआधी मला सांगायचं. राहिल्यावर नाही, आधी." पुढे नऊ महिने ते, बाळंतपणाच्या डॉक्टर आणि मी, तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. गोळीच्या जागी इंजेक्शनं, परत गोळी, परत इंजेक्शनं. लेक आता नववीत आहे.

पारिजात_७

फूटव्हॉल्व्ह, घड्याळाचं वाचून डोळ्यात पाणी आलं. लिहीत राहा.

हिंजवडी_फेज_तीन

मी कृष्णाकाठांनी पाहिलेल्या 'नुसत्या धडधडी'च्या जमातीतला. चार वर्षं. मीटिंगमधे बसलेलो असताना अचानक, बटन दाबल्यासारखी, धडधड सुरू. घड्याळ दाखवतंय १८४. दहा-पंधरा मिनिटं आणि जशी आली तशी खटकन बंद. डॉक्टरकडे पोचेपर्यंत मी ठणठणीत, ईसीजी नॉर्मल, एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. चोवीस तासांचं होल्टर (अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र) लावलं तर त्या दिवशी पठ्ठ्या आलाच नाही. सगळ्यांचं एकच, स्ट्रेस आहे. एकाने योगा सांगितला, आईने दृष्ट काढली. मलाही पटायला लागलं होतं.

शेवटी एका रात्री थांबेचना म्हणून इमर्जन्सीत गेलो आणि चालू असतानाच ईसीजी निघाला. एक इंजेक्शन दिलं, आधी बजावून: "काही सेकंद फार घाण वाटेल." घाण हा शब्द कमी आहे. छातीत कोणीतरी फ्यूज काढल्यासारखं झालं, आणि मग ठक, ठक, सावकाश.

तेव्हा कळलं की हार्टच्या डॉक्टरांतही वायरमन वेगळे असतात. त्यांना इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणतात. माझ्या हृदयात विजेची एक जास्तीची वाट होती, जन्मापासून. इशारा त्या वाटेने मागे फिरून गोल गोल पळत राहायचा. जांघेतून वायरी नेऊन ती वाट शोधली आणि उष्णता देऊन तेवढाच ठिपका जाळला. आज तीन वर्षं झाली, एकदाही नाही. एफडी मोडली नाही, पण इन्शुरन्सवाल्यांशी महिनाभर भांडलो. तो वेगळा धागा.

डॉ_लबडब

मी जिल्ह्याच्या गावात हृदयरोगाची प्रॅक्टिस करतो. इथे कोणालाही वैयक्तिक सल्ला देणार नाही, रिपोर्टचे फोटो पाठवू नका, प्लीज.

आधी एक घोळ सोडवतो. एमबीबीएस, मग मेडिसिनचं एमडी, मग तीन वर्षांचं डीएम, तो कार्डिओलॉजिस्ट. मी. औषधं देतो आणि मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून जे काही करता येतं ते करतो. छाती उघडून बायपास करणारे, झडप बदलणारे सर्जन वेगळे, त्यांचं शिक्षणही वेगळं. "तुम्ही बायपास करता का" या प्रश्नाला मी रोज एकदा तरी नाही म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडलेला बघतो.

बाह्यरुग्णात दिवसभर काय असतं? मुख्यतः बीपी. कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलेले लोक, 'आता नॉर्मल आलं म्हणून'. अहो, गोळीमुळे नॉर्मल आलं. अटॅक येऊन गेलेल्या माणसात वाईट कोलेस्टेरॉल सत्तरच्या खाली, जमलं तर आणखी खाली ठेवायचं असतं, लॅबच्या कागदावरची 'नॉर्मल' चौकट त्यांच्यासाठी नसते. धडधड घेऊन आलेल्या मुलींत कितीदा तरी हिमोग्लोबिन सात निघतं, किंवा थायरॉईड. औषध हृदयाला नाही, रक्ताला लागतं. ऑपरेशनआधीचे फिटनेस. आणि स्टेंट टाकून सहा महिने झालेले, ज्यांना कोणीतरी दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद करायला सांगितल्यात. त्या गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करू नका. नवा स्टेंट गुठळीने बंद पडला तर जो अटॅक येतो तो पहिल्यापेक्षा वाईट असतो.

आणि काहीच न निघालेले. चाळिशीचा शिक्षक, भाऊ मागच्या महिन्यात अटॅकने गेला, आता याच्या छातीत रोज दुखतं. बोट ठेवून जागा दाखवतो, दाबलं की दुखतं. ईसीजी, एको, ट्रेडमिल सगळं ठीक. त्याला 'काही नाही' म्हणून पाठवलं तर तो पुढच्या डॉक्टरकडे जाणार. म्हणून वीस मिनिटं भावाबद्दल बोलतो. ओपीडी तुंबते, बाहेर लोक चिडतात.

काकांना उत्तर: तुमची शंका बिनबुडाची नाही. चालल्यावर छाती भरून येते, थांबलं की जाते, महिनोन्महिने तसंच आहे, अशा स्थिर दुखण्यात स्टेंटची घाई बहुतेक वेळा गरजेची नसते. 'इस्केमिया' नावाचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, ५,१७९ रुग्णांचा. नीट औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यू वा अटॅक कमी झाले नाहीत. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना दुखण्यात आराम मात्र जास्त पडला. मुख्य धमनीच्या सुरुवातीलाच मोठा अडथळा असलेले रुग्ण त्यात नव्हते, हेही ध्यानात ठेवा. तेव्हा अशा वेळी अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि खुशाल दुसरं मत घ्या. राग येणारा डॉक्टर असेल तर येऊ दे. किमतीचं म्हणाल तर २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटवर मर्यादा आणली, तेव्हा औषधी स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०. पुढे आकडे बदलत गेले, पण पूर्वीचे लाखाचे स्टेंट गेले ते गेले.

ऐन अटॅकची गोष्ट मात्र वेगळी. तिथे हृदयाची रक्तनळी पूर्ण बंद आहे आणि स्नायू मिनिटामिनिटाला मरतोय. तिथे सीडी घेऊन दुसरं मत शोधत बसायचं नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ: १०८ लावा, जवळात जवळ जिथे ईसीजी निघेल तिथे जा. कॅथलॅब दोन तासांवर असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आधी तिथेच, आणि मग पुढे. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती सोडा पिऊन रात्र काढलेल्यांची. सकाळी आठला येतात. चांगले कपडे घालून.

खवचट_काका

डॉक्टर, उत्तर पटलं. अर्धं.

अंगणवाडीची_आई

आमचं छोटंसं. मुलगा सात महिन्यांचा, वजन वाढेना, दूध पिता पिता दमायचा आणि कपाळावर घाम. सासूबाई म्हणायच्या अंगच तसं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आली, त्यातल्या डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतोय म्हणाल्या. जन्मल्यावर हृदयाजवळची जी नळी आपोआप बंद व्हायला हवी ती उघडीच राहिली होती. लहान मुलांच्या हार्टच्या डॉक्टरांनी ऑपरेशन न करता, पायातून नेऊन, छोट्या बुचासारखं काहीतरी बसवून बंद केली. एक पैसा लागला नाही. तिसऱ्या दिवशी घरी. आता बालवाडीत मारामाऱ्या करतो.

जर्सीकर_मेघना

आई माझ्याकडे राहते, तिची मोटारच थकलीय. हृदयाची पंप करण्याची टक्केवारी २५ होती, जी साधारण ५५ च्या वर असावी. इथल्या हार्ट फेल्युअर क्लिनिकमधे डॉक्टर तिला भेटतात तीन महिन्यांतून एकदा, पण नर्स आठवड्याला फोन करते आणि पहिला प्रश्न वजनाचा. रोज सकाळी, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे, लगेच फोन करा आणि लघवीच्या गोळीचं प्रमाण बदलून घ्या. हे पाळल्यापासून दीड वर्षात ॲडमिट नाही. चार तऱ्हेच्या गोळ्या आहेत, त्यातली एक मुळात डायबेटिसची, पण आईला डायबेटिस नाही. टक्केवारी ३८ वर आलीय.

भांडण एकच आहे, मीठ. आईचं म्हणणं, 'मी वरून मीठ घेतच नाही'. बरोबर. मीठ लोणच्यात आहे, पापडात आहे, भारतातून आलेल्या कुरडयांत आहे. मागच्या महिन्यात वजन अचानक वाढलं तेव्हा नर्सने विचारलं, काही वेगळं खाल्लं का? आई म्हणाली नाही. मी कपाट उघडलं, तर साड्यांच्या मागे सांडग्यांचा डबा.

जुनी_सिस्टर

साड्यांच्या मागे! आमच्या वॉर्डात उशीच्या अभ्र्यात फरसाण सापडायचं.

बोरीबंदर

अवांतर, पेसमेकरवरून आठवलं. शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमधे अर्ने लार्सन या गृहस्थांना बसवला. पहिला काही तासच चालला. पण पुढे त्यांना वीसहून जास्त पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन गेले. बसवणारे सर्जन आणि बनवणारे इंजिनिअर, दोघांच्याही मागे राहिले. आणि गेले ते हृदयाच्या आजाराने नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल आबांची पहिली तपासणी झाली. छातीवर माउससारखं एक यंत्र ठेवतात आणि स्क्रीनवर सगळा हिशोब येतो. डॉक्टर म्हणाले, यंत्राचा वेग जरा कमी करून बघतो, तुमचं स्वतःचं काय चाललंय ते. आबांना क्षणभर भोवंड आली, स्क्रीनवरच्या रेघा लांब लांब गेल्या. डॉक्टरांनी लगेच परत वाढवला. "अजून डायरेक्टच आहे," आबा म्हणाले. बॅटरी ११ वर्षं दाखवतेय. मोबाइल उजव्या खिशात, डावा हात अजून पंधरा दिवस खांद्याच्या वर नाही. बोरीबंदरचा स्वीडनवाला वाचून दाखवला, तो फारच आवडला. त्यांनी मग स्वतःच खाली-वर करून पूर्ण धागा वाचला, सिस्टरांच्या शेवटच्या परिच्छेदासकट. म्हणाले, काढलेला पेसमेकर विकता येतो का ते विचार.

डॉ. लबडब, एक खरा प्रश्न. विहिरीवरचा स्टार्टर त्यांनी चालू करायचा का? आमच्या डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

डॉ_लबडब

शेतकऱ्यांचा नेहमीचा प्रश्न, सर्वांसाठी सांगतो. बंद पेटीचं बटन दाबायला हरकत नाही. चालू मोटारीवर वाकून बसायचं नाही, दोन हात लांब राहायचं. वेल्डिंग चालू असेल तिथे थांबायचं नाही. आणि पेटी उघडून आत बोटं घालायची नाहीत, पण ते पेसमेकर नसलेल्यांनाही लागू आहे. तरी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

कृष्णाकाठ

आबांना सांगितलं. पेटी उघडायची नाही हे मान्य नाही म्हणतात. चाळीस वर्षं उघडतायत. कुलूप आणायला चाललोय.